ट्रॅक्टरने एअर धरली? आधी पाना, मग फोन



जुलै महिना म्हणजे शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे चिखलणीची घाई. खाचरात पाणी आहे, रोपं तयार आहेत, लावणीला बायका ठरवलेल्या आहेत. अशा वेळी गटाचा ट्रॅक्टर बांधावर बंद पडतो. चावी फिरवली की स्टार्टर फिरतो, घरघर होते, पण इंजिन काही पेटत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "एअर धरली." मग मेकॅनिकला फोन. तो म्हणतो, "दुपारनंतर बघतो." दुपारची संध्याकाळ होते. पाणी खाचरातून निघून जातं आणि ज्या ताईचा नंबर उद्याचा होता ती दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून मोकळी होते.

आता हिशेब करू. समजा, तुमच्या गटाचा ट्रॅक्टर तासाला ९०० रुपयांनी जातो. दिवसाचे सहा तास बुडाले तर ५४०० रुपये गेले. मेकॅनिकची फी आणि गाडीभाडं वेगळं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि एवढं सगळं ज्या कामासाठी झालं, ते काम असतं वीस मिनिटांचं. त्याला लागतात एक-दोन पाने, एक जुनी ताटली आणि थोडं डोकं.

आजचा धडा हाच आहे: डिझेलच्या लाईनमधली हवा कशी काढायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती हवा आली कुठून हे कसं शोधायचं.

हवा शिरली तर इंजिन का बंद पडतं?

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा इतकी जोरात दाबली जाते की तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली याच तत्त्वावर चाललं आणि आजही तुमचा ट्रॅक्टर, पॉवर टिलर, डिझेलचा पाणीपंप त्याच तत्त्वावर चालतो.

हा फवारा मारायला दाब लागतो साधारण २०० किलोचा. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो हवा असते, म्हणजे त्याच्या जवळपास शंभर पट. हा दाब तयार करतो इंजेक्शन पंप. तो एका वेळी डिझेल ढकलतो ते जेमतेम एका थेंबाएवढं.

आता एक प्रयोग घरी करून बघा. सुई नसलेली इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या. तोंडावर बोट घट्ट धरून दांडा दाबा. आतली हवा आक्रसते, दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो. आता सिरिंजमध्ये पाणी भरा, एकही बुडबुडा ठेवू नका, आणि तसंच दाबा. दांडा हलतच नाही. सगळा जोर थेट तुमच्या बोटावर येतो.

डिझेल या पाण्यासारखं आहे. दाबलं तरी आक्रसत नाही, म्हणून पंपाचा जोर नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो. नोझल उघडतच नाही. यालाच आपण "एअर धरली" म्हणतो. विहिरीवरच्या मोटरीने पाणी सोडलं की आपण तिच्यात पाणी भरून ती चालू करतो ना, हे त्याच जातीचं दुखणं आहे.

डिझेलची वाट ओळखून ठेवा

पाना हातात घेण्याआधी टाकीपासून नोझलपर्यंतची वाट बोटाने दाखवता आली पाहिजे. बहुतेक ट्रॅक्टरांत ती अशी असते:

टाकी → कॉक → पाणी वेगळं करणारी वाटी → फीड पंप → पहिला फिल्टर → दुसरा फिल्टर → इंजेक्शन पंप → लोखंडी बारीक पाईप → नोझल.

नोझलमधून उरलेलं डिझेल रिटर्न पाईपने परत टाकीकडे जातं.

फीड पंपावर हाताने मारायचा एक दट्ट्या किंवा खटका असतो. त्याला हातपंप म्हणू. फिल्टरच्या डोक्यावर आणि इंजेक्शन पंपाच्या अंगावर छोटे स्क्रू असतात. हवा काढायचे स्क्रू हेच. तुमच्या ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्यांची जागा चित्रात दाखवलेली असते. पुस्तिका कपाटात असेल तर बाहेर काढा आणि त्या स्क्रूंवर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा. घाईच्या वेळी चुकीचा नट सैल होणार नाही.

खरंच हवा आहे का? आधी हे बघा

प्रत्येक बंद पडलेल्या ट्रॅक्टरला एअरच धरलेली असते असं नाही. पाना लावण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका, झाकण उघडून बघा.
२. टाकीखालचा कॉक पूर्ण उघडा आहे का?
३. इंजिन बंद करायचा स्टॉपचा नॉब ओढलेला राहिलाय का? तो आत ढकला.
४. टाकीच्या झाकणावरचं बारीक भोक चिखलाने बुजलंय का? ते बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर "फस्स" आवाज आला तर दुखणं इथेच आहे.

मग स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे कारण वेगळं. धूर अजिबात येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. बंद पडण्याआधी इंजिन धापा टाकत होतं, रेस आपोआप वर-खाली होत होती, असं ड्रायव्हरने सांगितलं तर हवेचा संशय पक्का धरा.

काम सुरू करण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद. पदर घट्ट खोचा, ओढणी असेल तर काढून ठेवा, हातातल्या बांगड्या वर सरकवून कापडाने बांधा. इंजिन तापलेलं असेल तर थोडं निवू द्या. आसपास कोणी विडी ओढत असेल तर त्याला आधी लांब पाठवा.

स्क्रूभोवतीचा चिखल आणि धूळ फडक्याने स्वच्छ पुसा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. इंजेक्शन पंपाच्या आतले भाग इतके बारीक घासून बसवलेले असतात की मातीचा एक कणसुद्धा त्यांना ओरखडे पाडतो. खाली ताटली ठेवा. सांडलेलं डिझेल खाचरात किंवा ओढ्यात जाता कामा नये.

हवा काढायची पद्धत

पायरी १. टाकीत निदान पाव टाकी डिझेल भरा. ते गाळूनच ओता. कॉक उघडा.

पायरी २. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करा. पूर्ण काढू नका. एकीने हातपंप मारायचा, दुसरीने स्क्रूकडे बघायचं. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळलात तर हवा परत आत जाते. बहुतेकांचं काम इथेच फसतं.

पायरी ३. हेच दुसऱ्या फिल्टरवर करा. एकच फिल्टर असेल तर पुढे चला.

पायरी ४. आता इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. काही पंपांवर दोन स्क्रू असतात. तिथे आधी खालचा, मग वरचा. टाकीकडून नोझलकडे असा क्रम कधीच उलटा करू नका, कारण मागची हवा पुढे येऊन केलेलं काम वाया जातं.

हातपंपाला जोरच लागत नसेल, तो नुसताच हलत असेल, तर घाबरू नका. इंजिन अशा जागी थांबलेलं असतं की आतल्या कॅमने पंप आधीच दाबून धरलेला असतो. स्टार्टरला हलका झटका देऊन इंजिन थोडं फिरवा आणि पुन्हा मारून बघा.

पायरी ५. हातपंपाचा दट्ट्या आट्यांचा असेल तर तो खाली दाबून परत घट्ट फिरवून बसवा. सगळे स्क्रू पुसा.

पायरी ६. स्टॉपचा नॉब आत, रेस पूर्ण पुढे, आणि स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मग एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर बॅटरी उतरते आणि स्टार्टर जळतो. मग वीस मिनिटांच्या कामाचं हजारोंचं बिल होतं.

बहुतेक वेळा इंजिन इथे चालू होतं. सुरुवातीला अडखळेल. मध्यम रेसवर पाच-दहा मिनिटं चालू द्या, उरलेले बुडबुडे निघून जातील.

पायरी ७. तरीही चालू झालं नाही तर हवा लोखंडी पाईपांत अडकलेली असते. प्रत्येक पाईपाचा नोझलकडचा नट एक आटा सैल करा, वर फडकं टाका, चेहरा बाजूला ठेवा आणि दुसरीला स्टार्टर मारायला सांगा. डिझेल झटक्या-झटक्याने बाहेर येऊ लागलं की स्टार्टर थांबवा आणि नट आवळा. असं एकेक करत जा. पुन्हा स्टार्टर मारला की इंजिन पेटतं. पाना बेताने आवळा, जोर लावून आटे तोडू नका.

पॉवर टिलरला सिलिंडर एकच आणि टाकी बहुधा वरच असते, त्यामुळे डिझेल आपल्या वजनानेच खाली येतं. तिथे हातपंप मारावा लागत नाही. फिल्टर, मग पंप, मग नोझलचा नट, हाच क्रम.

इथे हात घालायचा नाही

पायरी ७ जुन्या पद्धतीच्या पंपासाठीच आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत बहुतेक कॉमन रेल पद्धतीची इंजिनं आली. त्यांच्या पाईपात एक हजार किलोच्याही वर दाब असतो. त्यांचे पाईप कधीही सैल करू नका. अशा ट्रॅक्टरची हवा पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच, फिल्टरवरच्या हातपंपाने काढायची. तेवढ्याने झालं नाही तर कंपनीचा मेकॅनिक बोलवा.

कुठल्याही डिझेल इंजिनात फवारा उडतोय का हे हाताने तपासू नका. बारीक धार कातडीतून आरपार आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत डिझेल पसरतं आणि काही तासांत हात सुजून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करा, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की "दाबाचं डिझेल कातडीत शिरलंय." गळती शोधायची असेल तर कोरडा पुठ्ठा पुढे धरा, डिझेलचा डाग त्यावर दिसेल.

आणखी एक. इंजिन चालू होत नाही म्हणून एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरणारे लोक आपण पाहतो. ते कोणालाही करू देऊ नका.

हवा आली कुठून?

डिझेल पूर्ण संपलं म्हणून, किंवा फिल्टर बदलला म्हणून हवा शिरली असेल तर एकदा काढली की विषय संपला. पण चार दिवसांनी पुन्हा एअर धरली, किंवा रोज सकाळी हातपंप मारल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होत नाही, तर कुठेतरी भोक आहे. रोज हवा काढणं म्हणजे गळक्या हंड्यात रोज पाणी भरणं.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. फीड पंपाच्या पुढच्या भागात डिझेल ढकललं जातं, म्हणून तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर गळतं आणि ओलं दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र डिझेल ओढलं जातं. इंजिन चालू असताना तिथलं भोक डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत ओढतं. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि मेकॅनिकसुद्धा फसतो. वारंवार एअर धरणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात आधी हाच भाग तपासा:

– रबरी पाईपाला चिरा पडल्यात का? वाकवून बघा.
– पाईपाच्या क्लिपा सैल आहेत का? क्लिपेऐवजी तार गुंडाळलेली असेल तर आजच बदला.
– पाण्याच्या वाटीची रबरी रिंग कडक झाली आहे का?
– फिल्टर बदलताना जुनंच रबर परत बसवलंय का?
– जोडावरचे तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरून चपटे झालेत का?

यातली बहुतेक वस्तू अगदी कमी किमतीची असते. त्या छोट्या वॉशरसाठी मोठ्ठा ट्रॅक्टर अडून बसतो.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरण्याचा त्रासही होतो. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली की आतल्या ओलसर हवेचं पाणी होतं. म्हणून दिवसाचं काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरायची सवय ठेवा, आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वाटीतलं पाणी सोडा. डिझेलचा कॅन उघड्यावर ठेवू नका.

वागळे इस्टेटला कधी जायचं?

ठाण्याचं वागळे इस्टेट आपल्याला नवं नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. आता तिथे मोठमोठ्या ऑफिसच्या इमारती झाल्या, तरी लेथ, वेल्डिंग, सुटे भाग, गॅरेज अशी कामं गल्ल्यांमधून अजून चालतात. आपल्यातल्या काही जणींच्या घरची माणसं रोज आसनगावहून लोकलने ठाण्याला कामाला जातात.

याचा उपयोग करून घ्या. वॉशर, रबरी रिंग, पाईप हवा असेल तर जुना नमुना त्यांच्याबरोबर पाठवा. नुसतं "ट्रॅक्टरचा वॉशर" असं सांगून भागत नाही. नमुना, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि फिल्टरवरचा नंबर कागदावर लिहून द्या. वस्तू संध्याकाळच्या गाडीने घरी येते. एक जास्तीचा संच मागवून डब्यात ठेवा.

पण काही कामं बांधावर करायचीच नसतात. इंजेक्शन पंप खोलणं, त्याचं माप जुळवणं, नोझलचा दाब तपासणं, यासाठी खास यंत्रं आणि शिकलेला माणूस लागतो. हवा नीट काढूनही इंजिन चालू होत नसेल, काळा धूर फार येत असेल किंवा एका नोझलच्या पाईपातून डिझेलच येत नसेल, तर पंप आणि नोझल ठाणे, कल्याण, भिवंडीकडच्या पंपाच्या कारागिराकडे न्यावे लागतात. पंपावरचं सील गावात कोणालाही तोडू देऊ नका. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा.

तिथे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, माहिती घेऊन जा. "ताई, पंप गेलाय, नवा टाका," असं कोणी म्हटलं तर विचारा: टाकीपासून लाईन तपासली का? पंप मशीनवर लावून बघितला का? जुना भाग परत मिळेल का? पावती मिळेल का? ज्या बाईने हवा स्वतःच्या हाताने काढली आहे तिला हे प्रश्न विचारताना संकोच वाटत नाही, आणि समोरचाही नीट उत्तर देतो.

गटाने करायचं काम

हा धडा वाचून येत नाही, हात लावून येतो. म्हणून पुढच्या बैठकीत इतकं करा.

दोघी-तिघींची निवड करा. त्यांत ट्रॅक्टर चालवणारी किंवा ड्रायव्हरवर देखरेख ठेवणारी एक तरी हवी. रिकाम्या दिवशी, ट्रॅक्टर अंगणात उभा असताना, ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा. त्याला त्या वेळेची फी द्या आणि सांगा, "तुम्ही काही करायचं नाही, आम्ही करतो, तुम्ही फक्त बघा." फिल्टर बदलायचा दिवस यासाठी सगळ्यात चांगला, कारण त्या दिवशी हवा काढावीच लागते.

ट्रॅक्टरच्या पेटीत कायम ठेवायचं सामान: स्क्रूच्या आणि पाईपाच्या मापाचे पाने, एक पक्कड, स्वच्छ फडकी, ताटली, तांब्याचे वॉशर, दोन क्लिपा आणि एक नवा फिल्टर.

आणि लॉगबुकमध्ये एक रकाना वाढवा: तारीख, मीटरवरचे तास, एअर धरली का, कुठून आली, काय बदललं. तीन महिन्यांनी तो रकाना वाचला की ट्रॅक्टरचं दुखणं स्वतःच बोलायला लागतं. ड्रायव्हर वारंवार डिझेल संपेपर्यंत गाडी चालवतोय का, हेही त्यातच दिसतं.

ट्रॅक्टर गटाच्या नावावर झाला म्हणून तो पूर्ण आपल्या ताब्यात आला असं होत नाही. तो बंद पडला की कारभार ज्याला दुरुस्ती येते त्याच्या हातात जातो. या पावसाळ्यात तो हात आपल्या गटातल्याच एखादीचा असू द्या.